यंत्राने जमिनीखालचं दिसतं, मग उत्खनन कशासाठी?

मॅग्नेटोमीटर (जमिनीच्या चुंबकत्वातले बारीक फरक मोजणारं यंत्र) आणि जमिनीत लहरी सोडणारं रडार न खणताच पुरलेली वस्ती दाखवतात, मग उत्खननावर एवढा खर्च का, असं तुम्ही विचारलंय. पुरातत्त्व शिकताना मलाही हाच प्रश्न पडायचा. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर ट्रॉयमध्ये मिळतं.

तुर्कस्तानातल्या या स्थळी जर्मन पुरातत्त्वज्ञ मानफ्रेड कोर्फमान यांनी १९८८ मध्ये नव्याने उत्खनन सुरू केलं. बालेकिल्ल्याच्या बाहेर गाव होतं का, हा तिथला जुना वाद. त्यासाठी दक्षिणेकडची जमीन मॅग्नेटोमीटरने पिंजून काढली. बालेकिल्ल्यापासून साधारण ४०० मीटरवर एक लांब पट्टा नकाशावर उमटला. जळालेल्या कच्च्या विटांचा तट असावा, असं वाटलं. १९९३ मध्ये खणलं, तर निघाला खडकात खोदलेला खंदक!

माती भाजली की तिच्यातलं लोह थंड होताना पृथ्वीचं चुंबकत्व धरून ठेवतं, म्हणून भट्टी, चूल, जळकी भिंत उठून दिसते. पण शेतातली वरची मातीही खालच्या चुनखडीपेक्षा जास्त चुंबकीय असते. ती खंदकात भरली की तोही तसाच उठतो. यंत्राला फक्त हा फरक कळतो. तो कशामुळे आहे आणि किती जुना आहे, हे खणून, थर बघून, खापरं हातात घेऊनच ठरवावं लागतं.

म्हणून सर्वेक्षण कमी मोलाचं ठरत नाही. उत्खननात थर कायमचे मोडतात, त्यामुळे चर नेमका कुठे घ्यायचा हे आधी कळणं फार महत्त्वाचं. तो पट्टा दिसला नसता तर तिथे कुदळ कोणी मारली असती? इटलीत फालेरी नोवी या रोमन शहराचा तटाच्या आतला ३०.५ हेक्टर भाग रडारने न खणता पाहिला गेला. २०२० मध्ये छापून आलेल्या त्या नकाशात देऊळ, बाजार, इमारतींखालून गेलेले पाण्याचे नळही आहेत.

आपल्याकडे मात्र अडचणी वेगळ्या. दख्खनचा काळा दगड स्वतःच चुंबकीय, आणि ओल्या काळ्या मातीत रडारच्या लहरी लवकर विरतात. त्यात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, घरं कुडाची. ती ओळखायची सारवलेल्या जमिनीवरून आणि खांबांच्या वीतभर खड्ड्यांवरून. असे खड्डे दाखवेल असं यंत्र मला तरी माहीत नाही. तिथे हलक्या हाताने थर सोलत जावंच लागतं.