सुकन्याचे पैसे काढून लेकीला पुण्याच्या क्लासला घालावं का?

तासगाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरची दोन एकर द्राक्षबाग, वर्षाचा पैसा बेदाण्याच्या सौद्यातून. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आता सांगलीत अकरावी सायन्सला, रोज एसटीने ये-जा. इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. पहिल्या सत्रात फिजिक्समध्ये 50 पैकी 17, गणितात 19. पुण्यातला एक क्लास उरलेली अकरावी आणि बारावी मिळून पावणेदोन लाख सांगतोय, शिवाय होस्टेल-मेस महिना 9 हजार. सुकन्या समृद्धी खात्यात मागच्या 31 मार्चला 8 लाख 20 हजार होते. त्यातून काढावेत का, असा प्रश्न आहे.

ताई, आधी हिशेब पुरा करू. फी आणि सतरा महिन्यांचं होस्टेल-मेस मिळून तुम्ही 3 लाख 28 हजार धरलेत, पण क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी साडेएकतीस हजार. एकूण जवळजवळ 3 लाख 60 हजार. दिवाळी-मे महिन्याचं जाणं-येणं वेगळंच.

सुकन्यातून शिक्षणासाठी पैसे मुलगी दहावी पास झाली की काढता येतात, हे तुमचं बरोबर आहे. पण मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे तुमच्या बाबतीत 4 लाख 10 हजार. शिवाय प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती जोडावी लागते, आणि रक्कम त्यावरची फी आणि प्रवेशाच्या वेळचे इतर शुल्क एवढ्यापुरतीच मिळते. खाजगी क्लासची पावती चालेल असं गृहीत धरू नका, पोस्टात आधी विचारा. व्याजाचं नुकसान मला फारसं खुपत नाही. आजच्या 8.2 टक्क्यांनी 3 लाख 60 हजारांचे दोन वर्षांत 4 लाख 21 हजार होतील, तेवढं लेकीसाठी सोडलं तर सोडलं. खुपतं ते दुसरंच. शिक्षणासाठीची जवळजवळ सगळी सोय तुम्ही डिग्री सुरू व्हायच्या आधीच संपवून बसाल.

आता उत्तरपत्रिकेकडे येतो, कारण खरं उत्तर तिथंच आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत प्रक्षेप्य गतीचं, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचं, एक गणित आहे. मुलीने सूत्र बरोबर लिहिलंय, आकृतीही नीटनेटकी, आणि मग साइनच्या जागी कॉस घेतलाय. पुढच्या गणितात व्हेक्टरची, म्हणजे दिशा असलेल्या राशींची, बेरीज साध्या आकड्यांसारखी केलीय. हे फिजिक्स न समजल्याचं लक्षण नाही. अकरावीच्या फिजिक्सला दुसऱ्याच धड्यापासून व्हेक्टर आणि डिफरन्शिएशन लागतं, आणि गणिताच्या पुस्तकात डिफरन्शिएशन येतं दुसऱ्या भागाच्या शेवटी. मधले महिने पोरं अंधारात चाचपडतात. त्यात माध्यम बदललेलं. मीही मराठी शाळेतून आलो होतो. 'इनर्शिया' म्हणजे आपलं जडत्वच, हे कळेपर्यंत माझी दिवाळी उजाडली होती.

दोनशे पोरांच्या बॅचमध्ये ही भोकं कोण बुजवणार? तिथं पोर्शन पुढे पळत असतो. सांगलीत कॉलेजनंतर पाच-सहा मुलांना गणित-फिजिक्स शिकवणारे सर शोधा. तुम्हीच चौकशी केली होती, महिना 3 हजार. सतरा महिन्यांचे 51 हजार होतात. टेस्ट सिरीज धरून साठच्या आत, आणि ते बेदाण्याच्या पैशातून निघतील. पहिले दोन महिने फक्त त्रिकोणमिती, व्हेक्टर आणि प्राथमिक कॅल्क्युलस, असं सरांना स्पष्ट सांगा. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट आहेत. मराठी आणि इंग्रजी संज्ञांची दोन रकाने पाडून एक वही तिने स्वतः करावी.

घाबरण्यासारखं अजून काही झालेलं नाही. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, अकरावीचा भाग साधारण 20 टक्के, बाकी सगळं बारावीचं. पेपर 200 मार्कांचा, त्यात एकटं गणित 100, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणूनही पहिला रुपया गणितावर घाला. आयआयटी-एनआयटीसाठीच्या जेईईचं मनात असतं तर मी इतक्या सहज बोललो नसतो, पण पत्रात तुम्ही सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव घेतलंय, आणि तिथला रस्ता सीईटीतूनही जातो.

आणखी एक. तुमचा प्रवर्ग आणि उत्पन्न पत्रात नाही. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. तसं झालं तर सुकन्याचे पैसे बरेचसे शिल्लक राहतील. तुम्ही म्हणाल, मग क्लासवर खर्च केला तर काय बिघडलं? मुद्दा रास्त आहे. फक्त ही सवलत मिळणार हे दाखला हातात आल्याशिवाय धरू नका. जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यांची धावपळ आत्ताच सुरू करा, जून-जुलैत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

यजमान सोनेतारण म्हणतात, त्यालाही माझा नकारच. बागेला एक अवकाळी पाऊस लागला की व्याज भरायचं कशातून?

अकरावीच्या वार्षिक परीक्षेचा निकाल आला की मार्क आणि उत्तरपत्रिका पुन्हा पाठवा. तीन-चार महिने शिकवणी करूनही फिजिक्स-गणित जागचं हललं नसेल, तर पुण्याचा विचार नव्याने करू, तेव्हाही हप्त्यांनी आणि मध्येच सोडल्यास उरलेली फी परत हे लेखी घेऊन. क्लासवाल्यांचा रविवारपर्यंत सवलत म्हणून फोन येतोय असं तुम्ही लिहिलंय. जागा धरायला पाच हजार भरू नका. ती जागा मे महिन्यातही असेल.