मांसाशिवाय अमेरिकन स्वयंपाक: रॅलेला निघालेल्यांसाठी

तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेला येताय, घरात अंडं चालतं पण मांस-मासे नाहीत, मुलीला तिकडचं जेवण घरी करून घालायची इच्छा आहे, तर ते मांसाशिवाय जमतं का आणि त्यासाठी भारतातून काय न्यावं. मी शेजारच्या कॅरीत राहते, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

जमतं. फक्त सुरुवात बर्गरपासून करू नका. बर्गर, स्टेक, टर्की यांत मांस हाच पदार्थ असतो. ते काढलं की उरतं काय? इम्पॉसिबल किंवा बियॉण्ड या कंपन्यांच्या वनस्पतींपासून केलेल्या टिक्क्या मिळतात, पण त्यांची चव मुद्दाम मांसासारखी केलेली असते आणि जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाला ती बहुधा नकोशी होते. आमच्या घरात त्या कुणालाच आवडल्या नाहीत.

त्याऐवजी अमेरिकेच्या दक्षिणेकडचा जुना, साध्या घरांतला स्वयंपाक बघा. तुम्ही नेमक्या त्याच मुलखात येताय. तिथे पोट भरायचं ते कडधान्यांवर, मक्यावर, पालेभाज्यांवर आणि रताळ्यांवर. रताळ्यांच्या पिकात तर नॉर्थ कॅरोलिना अमेरिकेत पहिलं. डुकराचं एखादं धुरावलेलं हाड भाजीत पडायचं ते चवीपुरतं. त्या हाडातून तीन गोष्टी मिळतात: खारटपणा, धूर आणि चरबी. या तीन दुसरीकडून आणल्या की काम झालं.

धुराचं म्हणाल तर आपल्याकडे धुंगार आहेच. भाजी शिजली की पातेल्यात छोटी वाटी ठेवायची, तीत लालभडक कोळसा, वर चमचाभर तूप, आणि घट्ट झाकण. पण हे बाल्कनीत किंवा अंगणात करा, अपार्टमेंटचे नियम आधी वाचून. घरात स्मोक अलार्म बोंबलायला लागला की शेजारी बाहेर येतात. रोजच्यासाठी स्मोक्ड पॅप्रिका घ्या. ही धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, रंग देते, तिखट फारसं नाही. चरबीच्या जागी लोणी किंवा तेल, आणि त्यात सढळ हात ठेवा. खारटपणासोबत जी एक भरीव चव लागते ती चमचाभर सोया सॉसने किंवा वाळवलेल्या मशरूमच्या पाण्याने येते.

आता पदार्थ. पहिला हॉपिंग जॉन, म्हणजे चवळी आणि भात. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी दक्षिणेत घरोघरी होतो, वर्ष बरकतीचं जावं म्हणून. चवळी इकडे आली ती गुलाम करून आणलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांबरोबर, आणि हे जेवणही मुळात त्यांच्याच हातचं. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची बारीक चिरून लोण्यात मंद आचेवर मऊ होऊ द्या; लाल करायची नाही. मग लसूण, थाईम, बे लीफ, अर्धा चमचा स्मोक्ड पॅप्रिका आणि भिजवलेली चवळी. दाणा बोटाने दाबला जाईल पण फुटणार नाही इतपतच शिजवा. शिट्ट्या मोजत बसलात तर पिठलं होईल, म्हणून मी उघड्या पातेल्यात करते. नंतर त्याच पाण्यात तांदूळ. गोडा मसाला घालायचा मोह आवरा. उसळभात उत्तम होईल, पण मुलीला शेजारच्या घरी जे मिळणार आहे ते हे नव्हे.

सोबत कोलार्ड. ही जाड, निळसर हिरव्या पानांची भाजी थंडीत ढिगाने मिळते, रॅलेच्या स्टेट फार्मर्स मार्केटमध्येही. मधला दांडा काढायचा, पानं विडीसारखी गुंडाळून पट्ट्या कापायच्या. आपल्या पालेभाजीसारखी पाच मिनिटांत उतरवली तर चामड्यासारखी लागते. तासभर झाकून शिजू द्या, कांदा, लसूण, लाल मिरचीचे तुकडे आणि बेताचं पाणी घालून. शेवटी व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. खाली जो रस उरतो तो फेकायचा नाही, त्यात कॉर्नब्रेड बुडवून खातात.

कॉर्नब्रेडसाठी बिडाचा पॅन ओव्हनमध्येच ४२५ फॅरनहाइटला तापवायचा, लोणी सोडायचं आणि वरून पीठ ओतायचं. चर्र आवाज आला पाहिजे, नाहीतर खालची कड कुरकुरीत होत नाही. पीठ म्हणजे मक्याचं जाडसर पीठ, बटरमिल्क, अंडं, मीठ, बेकिंग पावडर आणि थोडा खाण्याचा सोडा. जुन्या दक्षिणी घरांत साखर घालत नाहीत. दुकानात ‘कॉर्नमील’ मागा. आपण ज्याला कॉर्नफ्लोर म्हणतो ती पांढरी पूड इथे कॉर्नस्टार्च म्हणून विकतात, तिचा ब्रेड होणार नाही. ग्रिट्स तर मक्याच्या कण्याच. चीज किंवा लोणी घालून नाश्त्याला.

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाला, बोलावणं आलं तर ग्रीन बीन कॅसरोल घेऊन जा. कॅसरोल म्हणजे इथे डबा नव्हे, ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. फरसबी, क्रीम ऑफ मशरूम सूप आणि वर तळलेला कांदा; कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात १९५५ साली हा जन्मला. डब्यावरचे घटक मात्र वाचा. रताळ्याच्या कॅसरोलवर मार्शमेलो पसरतात, त्यात प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. घरी करताना पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि ब्राउन शुगर घाला, खरं तर जास्त चांगलं लागतं. स्टफिंगमध्ये, म्हणजे टर्कीसोबतच्या मसालेदार ब्रेडच्या सारणात, चिकनचा रस असतोच, त्या जागी भाज्यांचं पाणी वापरा.

बाहेर खाताना जास्त सांभाळायला लागतं. दक्षिणी खाणावळीत ‘व्हेजिटेबल प्लेट’ मिळते ती भाज्यांची असते, शाकाहारी असेलच असं नाही. फरसबीत बेकन, कोलार्डमध्ये हॅम, दोन्ही डुकराचं मांस. ‘मांस आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, ‘हॅम, बेकन, चिकनचा रस, लार्ड (डुकराची चरबी)’ अशी नावं घेऊन विचारा. मॅकडोनाल्डच्या इथल्या फ्राइजमध्ये बीफ फ्लेवर असतो, त्यावरून खटले झाले आणि २००२ मध्ये कंपनीने १ कोटी डॉलर्सची तडजोड केली. डब्यातल्या रिफ्राइड बीन्समध्ये (शिजवून घोटलेल्या कडधान्यात) लार्ड, वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासे, पाय क्रस्टमध्ये पुन्हा लार्ड सापडू शकतो.

न्यायचं काय? लाल तिखट न्या, कारण इथली ‘चिली पावडर’ म्हणजे मिरचीत जिरं, ओरेगॅनो, लसूण मिसळलेला मसाला. राजम्याची चिली (टोमॅटोतली मसालेदार रस्साभाजी) करायला ती छान, वरणाच्या फोडणीला नाही. शेगडीवरचा कुकर न्या. बिडाचं जड भांडं नेऊ नका, इथे स्वस्त मिळतं. स्लो कुकर घेतलात तर राजमा कच्चा कधीही टाकू नका; त्याच्या मंद आचेवर राजम्यातलं विष मरत नाही. आधी भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा.

मुलीच्या डब्यासाठी पीनट बटर आणि जेलीचं सँडविच, पिमेंटो चीज (लाल गोडसर मिरची घातलेलं चीजचं सारण), मॅकरोनी-चीज यांतलं काहीही चालेल, पण काही शाळांत शेंगदाण्याला बंदी असते. तेव्हा प्रवेश घेतानाच शाळेत विचारून ठेवा.