पहाटे तीनला डोळे टक्क उघडे

पन्नाशीनंतर झोप अशीच जाते का, गोळी सुरू करू का, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. म्हणून एका काकांची गोष्ट सांगते, ओळख लपवायला थोडे तपशील बदललेत.

वय 57, एका पतपेढीत हेड कॅशियर, वर्षभरात रिटायर. नवीन सॉफ्टवेअर आलेलं, अडलं की मुलीच्या वयाच्या ऑफिसरला विचारायचं ते जिवावर यायचं, घरी मुलाची नोकरी गेलेली आणि फ्लॅटचे हप्ते चालूच. पहाटे तीनला जाग, की उशाखालचा मोबाईल बघायचा, तीन दहा, म्हणजे अजून दोन तास वीस मिनिटं, मग साडेतीन, म्हणजे दोनच तास... कॅशियरच ते, रात्रीसुद्धा टॅली करत बसायचे!

वयानं झोप हलकी होते हे खरंय, एक-दोनदा जाग येणं नॉर्मल आहे. पण जाग आल्यावर दोन तास तळमळत पडणं वयाच्या नावावर खपवू नका. आधी डॉक्टरकडे पाठवलं, घोरताना श्वास अडकतो का, बीपीच्या गोळीमुळे रात्री लघवीला उठावं लागतं का ते बघायला. तिथे काही निघालं नाही.

मग आठवडाभर झोपेची नोंद ठेवायला लावली तेव्हा खरी गोम कळली, झोप भरून निघावी म्हणून काका साडेनऊलाच आडवे व्हायचे. गादीवर आठ तास, झोप जेमतेम साडेपाच. म्हटलं, साडेअकराच्या आधी गादीकडे फिरकायचं नाही आणि साडेपाचला उठायचंच. भडकलेच, "मॅडम, आधीच झोप नाही आणि तुम्ही जागं राहायला सांगताय?" पण गादीवरचा वेळ कमी केला की तुकड्या-तुकड्यांतली झोप सलग व्हायला लागते. (फिट्स किंवा बायपोलर, म्हणजे मूडच्या टोकाच्या चढउतारांचा आजार, असेल तर हा प्रकार आपल्या मनाने करू नका हं.) पहिला आठवडा वाईट गेला, दिवसा डुलकी लागेल म्हणून स्कूटर बंद ठेवायला सांगितली होती.

शिवाय रोज संध्याकाळी सातला वहीत डोक्यातली टेन्शन्स लिहायची आणि समोर उद्या काय करणार ते. पहिल्या पानावर होतं, 'डे-एंड जमत नाही – उद्या त्या पोरीला विचारणे' (डे-एंड म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये दिवसाचा हिशोब बंद करणं). 'मुलाचं काय' याच्यासमोर मात्र कोरंच.

गोळीचं म्हणाल तर या वयात झोपेच्या गोळीच्या अमलात बाथरूमला जाताना पडायची भीती असते, पण चालू असेल तर डॉक्टरला न विचारता एकदम बंदही करू नका.

चौथ्या आठवड्यात सलग झोप लागायला लागल्यावर झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. परवा भेटले, महिनाअखेरीला एखादी रात्र जातेच म्हणाले, पण मोबाईल आता हॉलमध्ये चार्जिंगला असतो त्यामुळे किती वाजले ते कळतच नाही.