गाडी घ्यायची तर आधी पांदण पाहा

प्रश्न : काकाजी, नमस्कार. माझं सहा एकर वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर. घरापासून वावर अडीच किलोमीटर, त्यातली दीड किलोमीटर पांदण (वावरात जाणारी कच्ची वाट). जुनी 100 सीसीची मोटारसायकल 14 वर्षांची झाली, आता दर महिन्याला खर्च काढते. यंदा कापूस विकून 90 हजार बाजूला ठेवले आहेत. मुलगा म्हणतो 150 सीसीची घ्या. साळा म्हणतो एवढ्यात जुनी कार येते, लग्नाकार्याला कामी पडते. घरच्यांचं, म्हणजे बायकोचं म्हणणं, तिलाही वावरात स्वतः गाडीनं जाता आलं पाहिजे. मुलगी 17 वर्षांची आहे, बारावीला, कॉलेज तालुक्याला 11 किलोमीटरवर. तिलाही चालवता आली तर बरं. काय घेऊ?
– एक कास्तकार, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट एकच आहे, दीड किलोमीटर पांदण. सीसी, रंग, मायलेज हे सगळं त्याच्यानंतर.

दारव्ह्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे, तिसावं वर्ष चालू आहे. मृग बरसून गेला की माझ्याकडे एकाच दुखण्याच्या गाड्या सुरू होतात. मागच्या जुलैत एक कास्तकार गाडी ओढतच घेऊन आला. पुढचं चाक फिरतच नव्हतं. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये काळी माती ठासून भरली होती. मी विळ्याच्या टोकानं उकरायला बसलो. वरचा थर ओला, लोण्यासारखा. त्याच्या आत कालचा, चिवट, विळ्याला धरून ठेवणारा. अगदी आतला थर चार-पाच दिवसांचा, वाळून खापर झालेला, आणि त्यात सोयाबीनचं एक पान शिरांसकट दाबून बसलेलं. चाक अडलं की माणूस क्लच अर्धा दाबून रेस देतो. तेवढ्यानं त्याच्या क्लच प्लेटा जळल्या होत्या. चेन चिखल खाऊन लांबली होती, स्पॉकेटचे दाते टोकदार झाले होते. गाडी दोन वर्षांचीसुद्धा नव्हती.

आपली माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. म्हणून गाडी पाहायला गेलात की आधी खाली बसा. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये दोन बोटं सहज फिरतात का ते पाहा. चेनला पूर्ण झाकणारं कव्हर आहे का पाहा. टायर जितका रुंद तितका चिखल जास्त उचलतो. मुलाला आवडलेल्या गाडीचा टायर रुंद आहे, इंजिनाखाली जागा कमी आहे आणि वजन 135 ते 150 किलोच्या घरात आहे. साधी 100 सीसीची गाडी 110 किलोच्या आसपास असते. रुतलेली गाडी एकट्यानं उचलून धुऱ्यावर घ्यायची वेळ येते तेव्हा ते 30-40 किलो कमरेत जाणवतात. मुलगा चांगला आहे, हौस असावी. पण ती गाडी डांबरी रस्त्याची आहे, हे त्याला शोरूममध्ये नव्हे, पांदणीवर नेऊन दाखवा.

आपल्या भागात शंभर सीसीच्या गाड्या एवढ्या का रुजल्या, तेही सांगतो, कारण लोक नुसतं मायलेज म्हणतात. माझ्या लहानपणी गावात एकच फटफटी होती, 175 सीसीची राजदूत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं आणि किक मारणाऱ्याची पोटरी भरून यायची. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 ला स्प्लेंडर. त्याच वर्षी आमच्या दारव्ह्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन निघून डिझेल लागलं, म्हणून मला साल पक्कं आठवतं. स्प्लेंडरचं 97.2 सीसीचं इंजिन इतकी वर्षं मूळ बांधणीत फारसं बदललं नाही. त्याचा फायदा असा, की तिची क्लच केबल, ब्रेक लायनर, चेन-स्पॉकेट आठवडी बाजाराच्या गावात मिळतं, आणि उघडून जोडणारं पोरगं प्रत्येक फाट्यावर बसलेलं आहे. डवरणीच्या दिवसांत पार्टसाठी चार दिवस थांबणं कास्तकाराला परवडत नाही.

आता तुमच्या घरातल्या खऱ्या गरजेबद्दल. वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे उठून सगळ्यांचं रांधते, डबा बांधते आणि अडीच किलोमीटर पायी जाते. संध्याकाळी तेवढीच परत येते. घरची मोटारसायकल त्या वेळी पारापाशी उभी असते, कारण ती तिला चालवता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं आणि मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे बोलून दाखवतो. माझ्या घरच्यांनी 42 व्या वर्षी मोपेड शिकली, शाळेच्या मैदानावर, तीन संध्याकाळी. आज भाजीचा बाजार, नातवाचा दवाखाना, बहिणीचं गाव, कशासाठीही त्या माझी वाट पाहत नाहीत.

म्हणून माझं सरळ मत : जुनी मोटारसायकल विकू नका, आणि नवी घ्या ती मोपेड. टीव्हीएस एक्सएल 100 च्या जातीची. गिअर नाही, पायाजवळ सपाट जागा आहे, तिथे युरियाचा 45 किलोचा कट्टा आडवा बसतो किंवा फवारणीचा पंप उभा राहतो. मागची सीट काढली की दुधाच्या कॅन अडकवता येतात. वजन 90 किलोच्या आत, चाकं 16 इंचांची. शहरातल्या विनागिअर स्कूटरची चाकं 10-12 इंचांची असतात, बंडीच्या चाकोरीत ती बसली की स्कूटरचं पोट टेकतं. मोपेडची टाकी मात्र लहान असते, 4 लिटरची. आणि तीन माणसं बसवून चढ चढवायची ती गाडी नव्हे. घरच्यांना सोबत न्या, त्यांनाच चालवू द्या, शक्य असेल तर पायाशी वजन ठेवून. त्यांचं विनागिअरचं लायसन्स आधी काढा.

90 हजारांत हे बसून वर पैसे उरतात. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आहे. शोरूमची किंमत म्हणजे हाती येणारी किंमत नव्हे, एवढं लक्षात ठेवा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेतानाच भरावा लागतो, शिवाय पासिंग. उरलेल्या पैशांत जुनीला चेन-स्पॉकेट, क्लच प्लेटा टाका, धूर देत असेल तर बोअर-पिस्टन करा. पुढच्या वर्षी तिचं 15 वर्षांचं पासिंग संपेल, ते आरटीओत नूतनीकरण करून 5 वर्षांसाठी मिळतं. रोख असताना हप्त्यावर घेऊ नका. हप्ता महिन्याला येतो, कापूस महिन्याला येत नाही. जून ते सप्टेंबर बी-खतात हात रिकामा असतो आणि नेमके तेव्हाच चेक परत जातात.

मुलीबद्दल मी कठोर बोलतो, माफ करा. 16 पूर्ण झाल्यावर जे लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं. ही मोपेड 100 सीसीची आहे, तिला 18 पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला किंवा मालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला 25 वर्षांचं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. एका वर्षाच्या घाईसाठी तिची पुढची सात-आठ वर्षं अडकवू नका. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. बस वेळेवर येत नसेल तर चार पालक मिळून डेपो मॅनेजरला लेखी द्या. 18 झाले की तीच मोपेड तिची.

जुनी कार नको. वर्षातून चार लग्नं असतात, तेव्हा गावातली बोलेरो भाड्यानं सांगा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. तीन गावं फिरते, दिवसाला 25-30 किलोमीटर. बॅटरीची, लायसन्स न लागणारी स्कूटर घ्यावी का?
– ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, लायसन्स आणि नोंदणी न लागणारी म्हणजे 250 वॉटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग. जंगलातल्या चढावर, मागे गरोदर बाई बसलेली असताना, ही गाडी दमते. लायसन्स काढा आणि नोंदणीची गाडी घ्या. बॅटरीचीच हवी असेल तर कंपनी सांगते त्या अंतराचा भरवसा धरू नका. वजन आणि चढ यांनी ते घटतं, म्हणून तुमच्या फेरीच्या दुप्पट अंतर सांगणारी घ्या. घरात अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासा. आणि सर्व्हिस कुठे होते ते विचारा. उत्तर गडचिरोली किंवा नागपूर आलं, तर पेट्रोलची घ्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल विकली. घेणाऱ्यानं अजून स्वतःच्या नावावर केली नाही, फोनही उचलत नाही. काही धोका आहे का?
– ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर : धोका आहे, दादा. हे मी भोगलेलं आहे. 2009 मध्ये मी एक गाडी कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली. घेणाऱ्यानं पुढे तिसऱ्याला विकली, त्यानं अपघात केला आणि समन्स माझ्या दारात आलं. जखमी माणसाची माय कोर्टाच्या बाहेर बसलेली असायची. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो. गाडी विकलेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईच्या दाव्यात मालक तोच धरला जातो.

विकणाऱ्यानं 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म 29 नं. घेणाऱ्याचा अर्ज फॉर्म 30 चा. तुमची मुदत गेली, तरी आता कळवा. वाशीमच्या आरटीओत (एमएच-37) विक्रीची तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि विक्रीचा कागद जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्याच माणसाला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा चालू आहे का ते आजच पाहा. बंद असेल तर हे काम सोमवारवर ढकलू नका.