नणंदेचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. माझ्या बाळालाही तसं होईल का? ग्रहण पाळलं तर टळतं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मशीनवरचं ब्लाउज तसंच ठेवून लिहायला बसले. तुम्हाला तिसरा महिना सरत आलाय, नणंदेचं लहानपणी ओठाचं ऑपरेशन झालंय, आता बाळालाही तसं होईल का, जनुकांची तपासणी करावी का आणि सासूबाई म्हणतात तसं ग्रहण कडक पाळलं तर टळेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते. नाही. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. आणि हे मी ऐकीव सांगत नाही, तारखा मांडून सांगते.

माझी मुलगी २०१० च्या जूनमध्ये नाशिकला झाली. डाव्या बाजूला ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला आणि आत टाळूही उघडी. बाळ माझ्या हातात द्यायच्या आधी तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ग्रहणात काही कापलं होतं का?" टाके घालून झाले नव्हते अजून माझे. बाळाचं वजन किती, ते रडलं का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि हा प्रश्न.

आणि मी कापलं होतं. १५ जानेवारी २०१०, शुक्रवार. किंक्रांत आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी आलं होतं. खाली रामेश्वरम्, कन्याकुमारीकडे कंकणाकृती दिसलं, आपल्याकडे नाशिकला खंडग्रास, भर दुपारी. मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस, अकरा ब्लाउज अंगावर होते. पंचवटीतलं आमचं घर, रामकुंड हाकेच्या अंतरावर. ग्रहण सुटल्यावर स्नान करायचं म्हणून माझ्या आत्यासासूबाई निफाडहून सकाळीच आल्या होत्या. सगळे दारं लावून जप करत बसले आणि मी आतल्या खोलीत अस्तर बेतत होते. आत्याबाईंनी माझ्या हातातली कात्री पाहिली. तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. जूनमध्ये बोलल्या. आणि नंतर पंधरा वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक सवाष्णीच्या पंगतीत बोलत राहिल्या, "हिनं ग्रहणात कात्री चालवली."

बारसंसुद्धा घरातल्या घरात उरका म्हणाल्या. मी नाही ऐकलं. पाळणा सजवला, शेजारपाजारच्या बायका बोलावल्या, घुगऱ्या वाटल्या. बाळाच्या तोंडावरून दुपटं ओढायला कुणी हात पुढे केला की मी तो हात धरून बाजूला करत होते.

तिला अंगावर ओढता येत नव्हतं. टाळू उघडी असली की तोंडात पोकळी धरत नाही, दूध नाकातून बाहेर येतं. दूध काढून बोंडल्यानं पाजायचं, बाळाला जवळजवळ बसतं धरून, थोडं थोडं, मध्ये मध्ये ढेकर काढत. एकेका पाजण्याला पाऊण तास जायचा. ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यानंतर करतात. डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे दहाचा: दहा आठवडे, दहा पौंड वजन, हिमोग्लोबिन दहा. आमची पावसाळ्यात खोकत राहिली, त्यामुळे पाचवा महिना उजाडला. टाळूचं चौदाव्या महिन्यात झालं. ती बोलायला लागली तेव्हा प-ब सगळं नाकातून जाऊन म होत होतं. "पपा"चं "ममा" व्हायचं, म्हणजे आम्हा दोघांनाही ती ममाच म्हणायची. माझ्या नवऱ्यानं "पपा" स्वच्छ ऐकलं ते ती सव्वातीन वर्षांची असताना, स्पीच थेरपीच्या बाईंसमोर. त्या दिवशी हे गाडी चालवत घरी आले नाहीत, रिक्षानं आले. हात थरथरत होते.

हे सगळं होत असताना कात्रीचं मात्र माझ्या मनातून जात नव्हतं. खरं सांगते, मलाही वाटायचं की मीच केलं. दोन वर्षं मी अमावास्येला कात्री हातात धरली नाही, शिवणावर पोट असून.

सुटका झाली २०१३ मध्ये. दुसरं मूल होऊ द्यावं का हे विचारायला आम्ही जनुकांच्या डॉक्टरीणबाईंकडे मुंबईला गेलो. त्यांनी कागदावर समजावलं. बाळाचा चेहरा एकसंध तयार होत नाही, तुकड्यातुकड्यांनी होतो. नाकाच्या बाजूचा मधला तुकडा आणि दोन्ही गालांकडून येणारे दोन तुकडे एकमेकांकडे सरकत येतात आणि जुळतात, तेव्हा वरचा ओठ होतो. टाळूची दोन पाखं आधी जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात, मग वर उचलली जातात आणि मधोमध सांधली जातात. कुठल्याही टप्प्यावर एक बाजू उशिरा पोचली की फट राहते. डावीकडे राहण्याचं प्रमाण जास्त असतं. मी शिवणारी बाई, मला पटकन कळलं. पुढचे दोन भाग जोडायचे राहिले तर ब्लाउज उघडं दिसतं, पण ते कुणी फाडलेलं नसतं. माझ्या मुलीचा ओठ कधी कापलाच गेला नव्हता. तो जोडायचा राहिला होता.

मग मी तारखा विचारल्या. ओठ जुळतो गर्भ धरल्यापासून चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू फार तर बाराव्यापर्यंत. माझी शेवटची पाळी २६ ऑगस्ट २००९ ची. म्हणजे ओठाचं जे काही व्हायचं ते ऑक्टोबरात, दिवाळीच्या मागंपुढं झालं (त्या वर्षी लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होतं, मी शंकरपाळे तळत होते), आणि टाळूचं डिसेंबर लागता लागता संपलं. २००९ चं पंचांग काढून बघा. ६ ऑगस्टला चंद्रग्रहण, त्यानंतर थेट ३१ डिसेंबरच्या रात्री. मधल्या काळात जगात कुठंही एकही ग्रहण नाही. किंक्रांतीला मी कात्री चालवली तेव्हा माझ्या पोटात पाचवा महिना होता आणि ओठाची गोष्ट संपून अडीच महिने झाले होते.

हे मी आत्याबाईंना कागदावर लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग ३१ डिसेंबरचं पाळलं नसशील." टाळूची मुदतसुद्धा त्याच्या चार आठवडे आधी संपली होती, पण ऐकतंय कोण.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे रक्तातून येतं का. येतं, पण डोळ्यांच्या रंगासारखं सरळ येत नाही. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला हे असतं. बहुतेकांत बाकी शरीर ठणठणीत असतं, आणि अशा बाळांत एकच एक जनुक दोषी धरता येत नाही. बरीच जनुकं थोडाथोडा हात लावतात, वर गरोदरपणातल्या गोष्टींची भर पडते. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असलं तर दुसऱ्याला साधारण निम्म्याच वेळा असतं, यावरून समजा. आईबापांना नाही आणि पहिल्या मुलाला आहे, अशा घरात दुसऱ्याला होण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच. आत्या, काका, मामा, मावशी यांपैकी एखाद्याला असेल तर बाळाची शक्यता शंभरात एकाहून कमी. तुमचं इथं येतं. नणंद म्हणजे बाळाची आत्या.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून आधी माझा आणि मग यांचा खालचा ओठ पाहिला. मला कळेना, दुभंगतो वरचा आणि या खालचा का बघतायत. व्हॅन डर वूड नावाचा एक प्रकार असतो, त्यात बहुतेकांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे असतात. तो बहुतेकदा आयआरएफ६ या एकाच जनुकातल्या बिघाडानं होतो, हे २००२ मध्ये सापडलं. ज्याला तो आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. कुणाला नुसते खड्डे दिसतात आणि मुलाचा मात्र ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. असे आणखीही प्रकार आहेत. हृदयाचा दोष बरोबर असला की गुणसूत्र २२ चा तुकडा गळालाय का ते पाहतात. नुसती टाळू दुभंगलेली असली की डॉक्टर जास्त खोलात जातात, कारण तिथं असे इतर आजार जास्त सापडतात. ओठ दुभंगणं आणि नुसती टाळू दुभंगणं ही वेगळी घराणी आहेत, हे डेन्मार्कच्या फोग-अँडरसन यांनी १९४२ मध्येच वंशावळ्या तपासून दाखवलं होतं. म्हणून नणंदेला नक्की काय होतं, ते विचारून घ्या.

वंशावळीवरून आठवलं, आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. डॉक्टरीणबाईंनी चौकोन-गोल काढून तीन पिढ्या मांडल्या आणि विचारलं, "तान्हेपणी गेलेली बाळं?" आम्ही म्हणालो, आमच्यात कुणाला असलं काही नाही. त्या म्हणाल्या, घरी फोन करा. सासूबाई म्हणाल्या, आत्याबाईंना विचार. आत्याबाई फोनवर बराच वेळ गप्प. मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या भावाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पाठीवर आणखी एक भाऊ झाला होता. त्याचं तोंड फाटलेलं होतं. दूध नाकातून यायचं. बाराव्या दिवशी गेला. नाव ठेवलं नव्हतं. लोक म्हणाले सटवाईनं नेलं. आत्याबाई तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांच्या आईलाही बायकांनी हेच विचारलं होतं, ग्रहणात काय केलंस. त्या माउलीनं पुढं जन्मभर ग्रहणात पाण्याचा घोटही घेतला नाही.

म्हणजे आत्याबाईंना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईला बोललेलं त्यांनी कानांनी ऐकलं होतं आणि तेच शब्द उचलून मला बोलल्या. हे मी माफ केलेलं नाही.

त्यानंतर मीही थोडी वाईट वागले. "तुमच्याच घराण्यातून आलंय" हे मी दोन लग्नांत मोठ्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट बजावलं होतं की एवढ्या लांबच्या एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, थोडं या बाजूनं, थोडं त्या बाजूनं आलेलं असू शकतं आणि माझ्याकडूनही आलेलं असेल. ते खरं आहे. पण "आमच्यात कुणाला नाही" असं म्हणणाऱ्या घरांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. पूर्वी ही बाळं भुकेनं जायची, म्हणून ती कुणाच्या आठवणीत नसतात.

आम्ही दुसरं मूल होऊ दिलं. मुलगा आहे, ओठ-टाळू व्यवस्थित.

तर तुम्ही काय करायचं. तिसरा महिना सरतोय, म्हणजे बाळाचा ओठ जुळायचा तो जुळून गेलाय. येत्या ग्रहणात तुम्ही भाजी चिरा, झोपा, पोटभर जेवा, ओठात काही फरक पडणार नाही. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवू नका आणि तिथं नणंदेचं सांगा, म्हणजे ओठ मुद्दाम पाहतील. ओठ दिसतो, पण नुसती टाळू दुभंगलेली असेल तर बऱ्याचदा निसटते, म्हणून जन्मल्यावर तोंडात बोट घालून, उजेड पाडून टाळू बघायला सांगा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बंद करा, तिचा संबंध पक्का आहे. तुम्हाला फिटची गोळी किंवा साखर असेल तर डॉक्टरांशी बोला. काही फिटच्या गोळ्यांनी धोका वाढतो, पण मनानं गोळी थांबवू नका, त्यात जीव जाऊ शकतो. फॉलिक अ‍ॅसिड घ्या. ओठासाठी त्याचा पुरावा एकसारखा नाही, मणक्याच्या दोषासाठी मात्र पक्का आहे. मी डॉक्टर नाही, आकडे मला समजले तसे सांगितले. नवरा-बायको नात्यातले असाल, मामाच्या घरात लग्न झालं असेल, तर माझे आकडे धरू नका, तज्ज्ञांनाच विचारा.

समजा असलंच, तरी ऑपरेशनचा खर्च अंगावर पडेलच असं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे बसतं, अंगणवाडीतून किंवा जिल्हा रुग्णालयातून नाव घालता येतं. स्माईल ट्रेन या सेवाभावी संस्थेच्या मदतीनंही कितीतरी रुग्णालयांत मोफत होतं. काम लांबतं, हे खरं. नऊ-दहाव्या वर्षी कमरेचं हाड काढून हिरडीत भरतात, दातांच्या तारा असतात, कानात पाणी साचतं त्याकडे लक्ष ठेवावं लागतं. माझी यंदा दहावीला आहे. ओठावर बारीक रेघ आहे. ती लपवायला मी तिला कधी सांगितलं नाही.

जनुक तपासणी सरसकट नको, नुसता पैसा जाईल. त्याआधी एक फुकटचं काम करा. नणंदेच्या आणि तुमच्या नवऱ्याच्या खालच्या ओठावर, मधल्या रेषेच्या दोन बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे आहेत का ते उजेडात नीट बघा, आणि असले तर इथंच कळवा, कुठं जायचं ते मी सांगते.