टाकवत नाही हो!

प्रश्न : मुलगी आता नववीत आहे, पण तिने बालवाडीत केलेली कार्डं, हाताच्या ठशांची चित्रं सगळं एका खोक्यात माळ्यावर ठेवलं होतं, परवा उघडलं तर स्केचपेनचे रंग फिके झालेत, चिकटपट्टी पिवळी पडलीये. टाकवत नाही हो. लॅमिनेट करून घेऊ का?

उत्तर : टाकू तर अजिबात नका! पण लॅमिनेशनही नको, त्यात उष्णता आणि गोंद दोन्ही लागतात, क्रेयॉनचं मेण वितळू शकतं आणि एकदा केलं की परत काढता येत नाही. आधी प्रत्येक चित्र स्कॅन करा, ३०० डीपीआय (स्कॅन किती बारकाईने होतो त्याचं माप) पुरे, म्हणजे उरलाय तेवढा रंग तरी हाती राहील. मग आम्लरहित कागद मधे घालून सपाट फाईलमध्ये ठेवा. हलक्या प्रतीच्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, असतं त्यानेच तो पिवळा पडतो, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळू नका. माळ्यावरही नको, तिथे उकाडा असतो, कपाटातला मधला कप्पा बरा. जुनी चिकटपट्टी ओढून काढू नका, कागदच सोलून निघतो. डाळ-तांदूळ चिकटवलेलं काही असेल तर त्याला कीड लागते, ते वेगळं ठेवा किंवा फोटो काढून निरोप द्या, जड जातं पण बाकीचं वाचतं.

आणि एक, ठशांच्या चित्रामागे कोपऱ्यात पेन्सिलीने तिचं तेव्हाचं वय लिहा, ती तेव्हा काय म्हणाली होती तेही, आत्ता आठवतंय तोवरच. त्या इवल्या पंज्यावर तिलाच आजचा हात ठेवून बघू दे ना.