पाऊस तेवढाच, मग भात का घटतं?

ठाणे जिल्ह्याच्या वीस वर्षांच्या पावसाशी भाताच्या उत्पादनाचा मेळ बसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी आकडे तपासा. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. वाडा, जव्हार, विक्रमगड ही भाताची खाचरं तिकडे गेली. शिवाय कल्याण-भिवंडीकडे शेतांवर गोदामं आणि इमारती आल्या. एकूण टन धरलेत तर हा सगळा दोष पावसाच्या माथी जाईल. हेक्टरी उत्पादनच घ्या. तेही सुधारित वाण आणि खतांमुळे मुळात वाढत आलंय. त्या चढत्या रेषेपेक्षा कुठलं वर्ष किती खाली गेलं, तेवढंच हवामानाशी ताडून बघा.

आता पाऊस. वर्षाची बेरीज इथे फार काही सांगत नाही. आमचं शेत मुरबाडला. जूनमध्ये राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकलेलं बी उगवून येतं आणि पाऊस दडी मारतो. लावणी लांबते, रोपं निबर होतात, फुटवे, म्हणजे बुंध्यातून फुटणाऱ्या नव्या काड्या, कमी येतात. पुढे जुलैत चार दिवसांत कोसळून सरासरी भरून निघते, पण गेलेले फुटवे परत येत नाहीत.

खरा घाव शेवटी बसतो. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात सप्टेंबरअखेर कापणीला येतं. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२०मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली. हे नऊ दिवस नेमके आमच्या कापणीचे. २०१९च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाच्या दिवसांत पाऊस लागला, तेव्हा कापून ठेवलेल्या भाताला शेतातच कोंब आलेले मी पाहिलेत. हातातोंडाशी आलेलं जातं ते असं. म्हणून जून, जुलै अशी बेरीज न करता लावणी, फुलोरा आणि कापणी यांचे पंधरवडे वेगळे मांडा. कोरडे दिवसही मोजा.

तापमानाचंही तसंच. भाताचं फूल सकाळी तास-दोन तासच उघडं असतं. त्या वेळी पारा ३५ अंशांवर गेला तर फलधारणा बिघडते आणि दाणे पोचट राहतात. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, वाणांना ऑक्टोबरचं ऊन फुलोऱ्यात गाठू शकतं. दिवसाची सरासरी काढलीत तर हे दिसणारच नाही. किमान तापमानही वेगळं ठेवा. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या २००४च्या अभ्यासात, किमान तापमान १ अंशाने वाढलं की कोरड्या हंगामातलं उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तो आकडा आपल्या खरिपाला जसाच्या तसा लावू नका.

आणि जमलं तर जिल्ह्याऐवजी महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा, पाऊस घ्या. माळशेजच्या पायथ्याला आणि भिवंडीच्या खाडीकाठी एकच पाऊस पडत नाही.